आतला कॅमेरा

जैनबबी : नऊ दिवस झाले, माह्या सोताच्या घरात मलेच डोक्यावरची ओढनी काहाडता येऊन नाई राहिली. भाकर थापायची तरी ओढनी, लसून सोलायचा तरी ओढनी. नवी नवरी झाली मी, पंचावन्नव्या वर्षी.

नीलम : चाची, बॅग तर खाली ठेवू द्या. अकोल्यापासून हिवरखेडपर्यंत उभी आले बसमध्ये.

जैनबबी : हयू बोल वो. त्याले आयकू जाते.

नीलम : चाचाले?

जैनबबी : चाचाले आयकू गेलं असतं तं मंग काय पाह्यजे होतं! त्याले. वर पाह्य. टोपल्याखाली हाये तो.

नीलम : हे कोंबड्या झाकायचं टोपलं तुम्ही कॅमेऱ्यावर टांगलं?

जैनबबी : पयले फडकं टाकलं. तो मान फिरवते, फडकं खाली. मंग टोपलं. आता टोपल्यात घर्र घर्र करते, खुडूक कोंबडीवानी. मी न्हानीकडं निंगाली का घर्र. न्हानीतून आली का घर्र. माह्या पायाच्या आवाजानं चालते तो, नीलम. काल मी उभीच राह्यली, हालली नाई. तं तो बी थांबला. मी एक पाऊल टाकलं, घर्र.

नीलम : ऐकूनच अंगावर काटा आला.

जैनबबी : तू तं कॅमेरेवाली हायेस. तुह्या आंगावर काटा आला तं मी काय कराव?

नीलम : काम करते म्हणून भीती जात नाही, चाची. सापाच्या डॉक्टरलेही साप चावतेच. बरं, एक सांगा. दुकानात कॅमेरा लावला ते समजते मले. कृषी केंद्र आहे, बियाण्याच्या थैल्या आहेत, हात मारणारे असतात. पण हा इथं दालनात, न्हाणीसमोर कोणी बसवला?

जैनबबी : पोरानं, जिब्राननं. बडनेऱ्याहून दोन दिवसाची सुट्टी काहाडून आला, रेल्वेत सुट्टी भेटत नाई तरी. गोदामाचं दार दिसलं पाह्यजे म्हने.

नीलम : गोदाम तर कुलपात असते ना?

जैनबबी : असते. तू चा घेशीन का लिंबाचं सरबत?

नीलम : मी गोदामाचं विचारलं.

जैनबबी : अन् मी सरबताचं इचारलं. ते पाह्य, तुहे चाचा आले.

वाहेद : आली का डोमाजीची पोरगी! बाप कसा हाये? गुडघे?

नीलम : गुडघे तसेच. अकोल्याच्या जुन्या शहरात गल्लीच्या तोंडाशी बसतात अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले हिवरखेडच्या गोष्टी सांगतात. चाचा, फोनवर तुम्ही धड काही बोलले नाहीत. नक्की काय झालं?

वाहेद : नऊ दिवसामांगची, शनिवारची गोष्ट. असरची नमाज पढून आलो, सांजचे पाच वाजले असतीन, दुकानात कोनी नाई. पेरन्या आटोपल्या, पानी नाई, लोकं आभायाकडं पाहून राह्यले, दुकानात कोन येते! मी गादीवर टेकलो. तं आवाज आला, “ए चाचा.” मी भाईर पाह्यलं. रस्त्यावर एक बकरी. पुन्हा, “ए चाचा, इधर. ऊपर.” वर पाह्यलं. तं कॅमेऱ्यानं मान खाली घातली. माह्याकडं, नीलम. मानूस वाकून पाहाते तसा.

नीलम : त्यात बोलायची सोय असते चाचा. तो म्हणून...

वाहेद : आयक तं. म्हने, “चाचा, एक बोतल इधर भी दे दो ना.” मंग हासले. एक नाई, चार-पाच जन. मी प्लग उपटला.

नीलम : अहो, मागं शेल्फात नुसत्या बाटल्याच बाटल्या. त्यांना दारूचं दुकान वाटलं असेल.

वाहेद : हासू नको पोरी.

नीलम : नाही हसत, चाचा.

वाहेद : दुकानात पंप हायेत, थैल्या हायेत, ताडपत्री हाये. त्यानं बाटलीच काहून मांगतली?

जैनबबी : आता मांगतली. पोट्टे असतीन कुठचे तरी रिकामे.

वाहेद : पोट्टे नाई. कोनीतरी हाये. ओयखीचं हाये. त्याले माहीत हाये.

जैनबबी : काय माहीत हाये? काई माहीत नाई. पोरीले काम करू द्या.

नीलम : करते. पासवर्ड सांगा, चाचा.

वाहेद : दुकानाचा नंबर.

नीलम : म्हणजे?

वाहेद : मोबाइल नंबर. बोर्डावर हाये तोच. याद राहाते म्हून.

नीलम : बोर्डावर आहे तो. म्हणजे दिवाळीले कॅलेंडर वाटता त्यावर छापला आहे तो. थैल्यांवर, पावतीवर...

वाहेद : पेनावर बी हाये. यंदा पेनं वाटले.

नीलम : वा चाचा. कुलूप लावलं अन् किल्ली पेनावर छापून पाच गावांत वाटली.

वाहेद : आता कोनाले का माहीत का तोच नंबर किल्ली हाये?

नीलम : चोर पयले तोच टाकून पाहते. नंबर, जन्मतारीख, एक-दोन-तीन-चार.

वाहेद : मले वाटलं... तसं तं मी सांगतलाच होता लोकायले.

नीलम : काय सांगितला होता?

वाहेद : पासवर्ड.

जैनबबी : कोनाले?

वाहेद : ग्रुपवर टाकला होता. मोबाइलवर आपला ‘कृषी मित्र’ ग्रुप हाये ना, दोनशे जन हायेत. मागच्या खरिपात युरिया आलाच नाई येवर. लोकं दानापूरहून येत, उन्हात उभे राहात, गाडी आली नाई म्हून वापस जात. एक दिवस भागीरथा म्हतारी आली, चार कोस, पायी. मले काईच देता नाई आलं. पायऱ्यायवर बसली बिचारी, ओठ वायले होते. त्या दिशी मले वाटलं, आपल्या दुकानात कॅमेरा हाये, तं लोकायनं घरूनच पाहून घ्याव. गाडी आली का, रांग कितीक हाये. मंग निंघाव घरून.

नीलम : म्हणून दोनशे जणांना पासवर्ड दिला.

वाहेद : पुण्याचं काम वाटलं, बेटा. अन् लय कामी आलं. लोकं दुवा देत.

नीलम : देणारच. जगात कुठल्या कॅमेऱ्यानं रांगेचं इतकं भलं केलं नसेल. पण चाचा, ग्रुपवरची गोष्ट ग्रुपवर राहत नाही. एकानं भाच्याले पाठवली, भाच्यानं होस्टेलच्या पोरांना, तिथून कुठं गेली काय माहीत. कोणाचा तरी टाइमपास झाला.

जैनबबी : थांब. मले एक सांग, नीलम. त्याच पासवर्डानं हा आतला बी दिसते?

नीलम : याची वायर कुठं गेली ते पाहू द्या.

जैनबबी : दिसते का?

नीलम : रेकॉर्डिंगची पेटी एकच आहे, चाची. जिब्राननं आतला कॅमेरा त्याच पेटीले जोडला. एक उघडला की दोन्ही उघडतात.

जैनबबी : या अल्ला! दोनशे लोकायले?

वाहेद : तवा आतला नव्हता, जैनब. तो मंग लावला, जिब्राननं. माह्या ध्यानातच आलं नाई.

जैनबबी : मंग त्या पिंटू किरानावाल्याले कसं माहीत होतं का मी सांडगे घातले! “चाची, सांडगे वायले का?” मी म्हनलं, याच्या नाकाले वास गेला असन. माही सून आली होती ईदेले, गजाला. तिनं इथी अंगनात केस वायवले. अन् माही नात, उघडी फिरत होती पान्याच्या घंगायात बसून... तुमी माह्या घराचं दारच काहाडून टाकलं.

वाहेद : मी मुद्दामहून...

जैनबबी : मुद्दामहून तुमी काईच करत नाई. तेच तं.

नीलम : चाची, जरा शांत. आधी पाहू कोण कोण आहे ते. हे पाहा, माझ्या फोनवर यादी येते. आतापर्यंत त्रेसष्ट फोनांवरून हे उघडलं गेलं. अन् सध्या...

वाहेद : सध्या काय?

नीलम : सध्या सात जण पाहून राहिले.

जैनबबी : या घडीले? आपन बोलून राह्यलो तं?

नीलम : टोपल्याची आतली बाजू दिसत असेल त्यांना. आवाज मात्र जात असेल. थांबा, आधी वायफायच बंद करते. हं. झाले आंधळे अन् बहिरे. आता बोला मोकळं.

वाहेद : त्यायचं नाव-गाव येते का त्याच्यात?

नीलम : फोनचं नाव येते, माणसाचं येत नाही. बहुतेक असेच आहेत, कधी मधी डोकावून गेलेले. गाडी पाहायलेच आले असतील बिचारे. हे रात्रीचे पाच-सहा, हे ते बोतलवाले वाटतात. पण एक फोन आहे चाचा... हा वेगळाच आहे.

वाहेद : वेगळा म्हंजे?

नीलम : हा दुकान पाहतच नाही. फक्त आतला कॅमेरा. रोज. दुपारी दीडले उघडते, चारपर्यंत. एक दिवस खाडा नाही. पाच महिने.

वाहेद : पाच महिने.

नीलम : शुक्रवारी जरा उशिरा उघडते.

वाहेद : जुम्याची नमाज असते. मी उशिरा येतो. म्हंजे त्याले माही येय ठाऊक हाये. जैनब, मी म्हनत होतो ना? कोनीतरी हाये. दीड ते चार मी गोदामात असतो. तो माह्यावर पायत ठेवून हाये. देवमनच्या वच्छलाच्या माहेरचं कोनी असन. तिचे भाऊ तवा बी मले असे पाहून राह्यले होते, मातीच्या दिशी.

जैनबबी : वच्छलाच्या भावायले दुसरे धंदे नाईत काय?

वाहेद : मंग कोन? रोज अडीच घंटे एक दार पाहात कोन बसते? काय पायजे त्याले? नाव काय हाये त्या फोनचं, नीलम?

नीलम : नाव... चाचा, दुकानात कोणी हाक मारून राहिलं वाटते.

वाहेद : मले नाई आयकू आलं.

नीलम : तुम्हाले नाहीच येणार. जा, पाहून या. गिऱ्हाईक जाईल.

वाहेद : येतो. तू ते नाव पाहून ठेव.

जैनबबी : कोनी हाक नाई मारली.

नीलम : नाही मारली. चाची, त्या फोनचं नाव ‘गजाला’ आहे.

जैनबबी : गजाला बडनेऱ्याले राहाते.

नीलम : अन् तिचा जुना फोन? कोपरा फुटलेला? तुमच्या कमरेले खोचला आहे तो?

जैनबबी : दार लोटून घे.

नीलम : लोटलं.

जैनबबी : देवमन गेला त्याले सात महिने झाले. तुले माहीत हाये ना देवमन? तुमच्या जुन्या घराच्या मांगच त्याचं घर.

नीलम : माहीत आहे. बाबांच्या बरोबरीचा. बाबा आठ दिवस जेवले नाहीत नीट.

जैनबबी : औषधाची बाटली इथून नेलेली होती. बिल भेटलं खिशात. पोलिस आले, पाहून गेले, म्हने वाहेदभाई तुमचं काई नाई, तुमचं लायसन हाये, तुमी धंदा केला. बरोबर हाये. तवापासून हे असे. दुपारची जोहरची नमाज झाली का गोदामात जातात अन् आतून कडी लावतात. गोदामात काय हाये तुले माहीत हाये. लाल तिकोनाच्या, जहरी औषधाच्या बाटल्या, खालपासून छतापर्यंत.

नीलम : आत काय करतात?

जैनबबी : मले का दिसते? आवाज नाई काई नाई. एक डाव दार ठोकलं तं म्हने, काहून आली? मी म्हनलं, चा. म्हने, ठेव. मंग जिब्रानले फोन केला. त्यानं काई इचारलं नाई, मी काई सांगतलं नाई. चौथ्या दिशी कॅमेरा घेऊन आला. बापाले म्हने, अब्बा, गोदामात चोऱ्या होतात आजकाल. बाप म्हने, लाव.

नीलम : अन् तुम्ही सैपाकाच्या खोलीत बसून...

जैनबबी : दीड ते चार टोपलं काहाडून ठेवतो. त्या दाराले खालून फट हाये. आत उजेड असते, हे हालले का फटीत सावली हालते. सावली हालली का मी एक भाकर टाकतो. मंग पुन्हा पाहातो. हालली का दुसरी टाकतो. लय येय हालली नाई तं भांडं पाडतो हातातलं, मुद्दामहून. मंग आतून म्हनतात, काय पडलं? मी म्हनतो, काई नाई. आमच्या घरी पाच महिने झाले, भांडे लय पडतात.

नीलम : चाची... तुम्हाले भीती आहे की चाचा...

जैनबबी : भेव कायचं? मी कुठी म्हनलं भेव! दमा हाये त्यायले. औषधाच्या वासानं चक्कर येऊ शकते.

नीलम : हो. येऊ शकते.

जैनबबी : येवढंच.

नीलम : मी तर आतला कॅमेरा काढून टाका म्हणणार होते. घराच्या आत डोळा नको असा आमचा पयला नियम आहे.

जैनबबी : काहाडू नको.

नीलम : पण त्यात तुम्ही दिसता, चाची. जगाले.

जैनबबी : दिसू दे. ओढनी घेईन मी. रातंदिस घेईन. तो काहाडू नको, माय, तुह्या पाया पडतो.

नीलम : असं नका करू. उठा. पाहा, काढत नाही. याची मान गच्च बांधून टाकते, फक्त दार दिसेल, न्हाणी नाही, अंगण नाही. याचं बोलणं बंद. अन् हा इंटरनेटवर जाणारच नाही, घरातल्या घरात राहील. एकाच फोनावर दिसेल. तुमच्या. बाहेरच्यानं डोकं आपटलं तरी याच्यापर्यंत वाट नाही. चालेल?

जैनबबी : चालीन. अन् तुह्या चाचाले त्या फोनाचं...

नीलम : मी काही सांगत नाही. पण किती दिवस?

जैनबबी : जितके दिवस भांडे पुरतीन.

वाहेद : कोनीच नव्हतं दुकानात. बोल, नीलम. कोन हाये तो? दीड ते चारवाला?

नीलम : बंद केला चाचा त्याले. सगळेच बंद केले, त्रेसष्टच्या त्रेसष्ट.

वाहेद : मी बंद केला का नाई इचारलं नाई. कोन हाये इचारलं.

नीलम : आधी पेटी दाखवा मले. पेटी गोदामातच आहे ना?

वाहेद : गोदामात. टीव्ही बी तिथीच हाये, लहानसा.

जैनबबी : मी बी येतो.

वाहेद : तू कायले? तुले वास सहन नाई होत.

जैनबबी : आज होते.

(गोदामात. नीलम स्टुलावर, पेटीसमोर. वाहेद आणि जैनबबी दोघं उंबरठ्यावर.)

नीलम : ही पेटी जुनी झाली, चाचा. कंपनीनं हिच्याकडं पाहणं सोडलं. भिंतीले भोक पडलं तर लिंपायला गवंडी लागते ना, तसं कंपनी वेळोवेळी सुधारून पाठवते. हिले आता कोणी गवंडी नाही. मी नवी आणली आहे. पासवर्डही नवा. नंबर नाही, जिब्रानची तारीख नाही, सातशे शहाऐंशी तर मुळीच नाही.

वाहेद : तुले कसं समजलं का मी तोच सांगनार होतो?

नीलम : आमच्या गल्लीत अर्ध्या घरांचा चौदा एप्रिल आहे. बाबांचाही होता, भांडून बदलला. असं काही ठेवा जे दुसऱ्याच्या मनात येणार नाही. लांबलचक. दुकानाचा वेगळा, आतला वेगळा. अन् उघडताना मोबाइलवर सहा आकडे येतील, ते कोणी मागितले तर जिब्रानलेही द्यायचे नाहीत.

वाहेद : अन् युरियाची गाडी आली तं? लोकायले कसं समजीन?

नीलम : गाडीचा फोटो काढा अन् ग्रुपवर टाका. फोटोतून कोणी घरात येत नाही.

वाहेद : हं. हे बराबर हाये.

नीलम : आता ही जुनी डिस्क नव्या पेटीत टाकते. टाकली की आतलं सारं जुनं जाते, नव्यानं सुरू होते. तसंही वीस दिवसांपलीकडचं काही राहतच नाही, आपोआप... थांबा. इथं एक जुनं आहे. डिसेंबरातलं. नऊ डिसेंबर, दुपारी दीड वाजताचं. चौदा मिनिटं. कोणीतरी लॉक करून ठेवलं आहे.

जैनबबी : कोनं? त्या बोतलवाल्यायनं?

नीलम : हे बाहेरून होत नाही, चाची. पेटीची बटणं दाबूनच होते. इथं बसून.

जैनबबी : इथी बसून?

वाहेद : मी केलं. जिब्रानले इचारून घेतलं होतं, एखादं रेकॉर्डिंग जाऊ द्याचं नसन तं काय कराव.

जैनबबी : नऊ डिसेंबर.

वाहेद : हो.

जैनबबी : डिलीट करून टाक, नीलम.

वाहेद : हात लावू नको.

जैनबबी : तुमी याच्यासाठी बसता इथी? रोज?

वाहेद : आन मंग कायसाठी बसतो?

जैनबबी : मले काय माहीत कायसाठी! कडी आतून लावता. चारी बाजूनं ह्या बाटल्या. मी तिथी तवा पेटवून फोन हातात धरून बसतो. काय पाहाता, मी हाये तो! तुमचा दीड ते चारवाला. वच्छलाचा भाऊ नाई, कोनी दुश्मन नाई, मी हाये. गजालाच्या फोनात सावली पाहात बसतो तुमची.

वाहेद : तू?

जैनबबी : चोराचं भेव मले कधी नव्हतंच. हे सारं नेलं असतं तं मी त्याले गूळ-पानी देल्लं असतं.

वाहेद : म्हंजे तुले वाटलं मी...

जैनबबी : मी नाई म्हनत ते. माह्या तोंडातून नाई काहाडनार.

वाहेद : जैनब, मी ह्या बाटल्यायकडं पाहात बी नाई. पाठ करून बसतो. हे पाह्य, स्टूल कसं ठेवलं हाये ते.

जैनबबी : मले दाराबाहेरून पाठ दिसत नाई तुमची.

नीलम : चाचा, मी लहान आहे, पण एक सांगू? पोलिसांनी पाहिलं, तुमच्यावर काही ठेवलं नाही. तुम्ही स्वतःवर काहून ठेवता? ते रोज पाहून काय होणार?

वाहेद : सारे हेच म्हन्तात. इमामसाहब म्हनले. तुह्या बापानं फोनवर म्हनलं. वच्छला तं मातीच्या तिसऱ्या दिशी माह्या दुकानात आली, अन् मलेच समजावते, भाऊ, तुमाले का माहीत.

जैनबबी : बराबरच म्हनलं तिनं. तुमाले का माहीत? रोज पन्नास लोकं बाटल्या नेतात.

वाहेद : लाव ते, नीलम. नाई तं राहू दे. आवाज नाई त्याच्यात, तुमाले काई समजनार नाई. मीच सांगतो. तो आला. चप्पल पायरीवर काहाडली. कृषी केंद्रात कोनी चप्पल काहाडत नाई, देवमन काहाडत जाय. सरकीच्या पोत्यावर बसला. जिब्रानची बदली झाली का इचारलं, नातीचं इचारलं. पानी पेला. एक गिलास, मंग अर्धा. मंग उठला, वरच्या फयीकडं बोट केलं. तीस साल झाले तो माह्याकडून नेते. दर डाव बाटली हातात घेतली का इचारनार, वाहेदभाई, फवारनीच्या पंपाले किती टोपनं टाकाव? पाठ हाये त्याले, तरी इचारनार. मी बोटं दाखवतो, दोन नाई तं तीन. त्या दिशी त्यानं इचारलं नाई.

जैनबबी : इसरला असन.

वाहेद : अन् मी सांगतलं नाई. मी बी इसरलो?

जैनबबी : तुमाले घाई असन. गिऱ्हाईक असन मांगं.

वाहेद : दुकानात कोनी नव्हतं. दिसते त्याच्यात. तो अन् मी. चौदा मिनटं.

जैनबबी : मंग काय झालं? नाई इचारलं, नाई सांगतलं. येवढ्यावरून का कोनाच्या मनातलं समजते? बंद करा आता. नीलम, कर वो ते बंद.

वाहेद : तो दुकानात आला त्याच्या आठ दिवसाआधी मी दानापूरहून येत होतो, मोटरसायकलनं. त्याच्या वावरात ट्रॅक्टर चालू होता. कपाशी मोडून राह्यला होता तो सारी, बोंडअयीनं काई ठेवलंच नव्हतं. मी गाडी थांबवली, हात केला. त्यानं बी हात केला. वावर निरं कायं झालं होतं, जैनब, एक झाड उभं नव्हतं. फवारायले त्याच्यापाशी काईच नव्हतं. मले माहीत होतं. अन् मी फडक्यानं धूय झटकून बाटली त्याच्या हातात देल्ली.